दादाने भरलेली हवा

पंक्चरवाल्याचा थोरला भाऊ अचानक गेला. आदल्याच दिवशी त्याने लेकीची पोहायची ट्यूब तोंडाने फुगवली होती, दुखऱ्या दाढेत नेहमीची लवंग धरून. वहिनीने त्या ट्यूबचं बूच पुन्हा काढू दिलं नाही. सकाळच्या गारठ्यात ट्यूब मऊ पडायची, दुपारी खिडकीतल्या उन्हात तट्ट व्हायची. "आले बघा," वहिनी म्हणायची. हवा तापली की पसरते, निवली की आक्रसते, हे पंक्चरवाल्याला का सांगायला हवं? पण वहिनीसमोर ते बोलायची छाती कुणाची!

हल्ली ट्यूब दुपारीसुद्धा मलूल दिसायला लागली. वहिनीचं जेवण सुटलं. "आता नाही यायचे ते," म्हणाली. पंक्चरवाल्याला ते बघवेना. आज सकाळी ती लेकीला शाळेत सोडायला गेली, तेवढ्यात या शहाण्याने ट्यूब दुकानात नेली, कॉम्प्रेसर लावला आणि गुपचूप परत आणून ठेवली. पण हात पडला टायरवाल्याचा! टणक लागेपर्यंत थांबतो कसला.

दुपारी तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "गाडी उन्हात उभी राहणार असेल तर हवा ठासून भरू नका. तापलेल्या हवेला पसरायला जागा नसली, की ती जोर करते." आणि बोलता बोलताच त्याला खिडकीतली ट्यूब आठवली. पान्हा टाकून तो घराकडे पळत सुटला.

खिडकीत ट्यूब दगडासारखी झाली होती. शिवण ताणून पांढरी पडलेली, आणि वहिनी तिला कवटाळून बसलेली.

"सोडा वहिनी, फुटेल ती!"

"हात लावू नका. ते आलेत."

"कसले आलेत! माझ्या कॉम्प्रेसरची हवा आहे ती. दादाचं काही नाही उरलं त्यात!"

बोलून गेला, आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली त्याला.

वहिनी खाली बघत म्हणाली, "ठाऊक आहे, भाऊजी. गेल्या हिवाळ्यातच ती पार चपटी झाली होती. तेव्हापासून मीच फुंकत होते. हल्ली दम पुरेना, एवढंच. काढा बूच."

त्याने बूच उपसलं. भर दुपारी दोघांच्या तोंडावर गार हवेचा झोत आला, आणि त्यात लवंगेचा वास होता. दादा गेल्यापासून त्या घरात लवंग आली नव्हती.

वहिनीने हंबरडा फोडला, "बूच लावा! भाऊजी, लवकर!"

त्याआधीच त्याने भोकावर अंगठा दाबून धरला होता.