बंपरमधला पाइप

मित्रांनो, मी एक जुना, तपकिरी, चुण्याचुण्यांचा पाइप आहे. बागेतला नव्हे आणि बंबाचा तर नव्हेच. घरगाडीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, संडासाची टाकी ज्याच्यातून रिकामी करतात, तो मी. मुरडलंत ना नाक? खुशाल मुरडा. सव्वीस वर्षं मी मुरडलेली नाकंच पाहत आलो आहे. किळस मला चांगली ओळखता येते, आणि या आठवड्यात मला स्वतःलाच इतकी किळस आली की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तारेच्या वेटोळ्यावर प्लास्टिक चढवलं, दोन्ही टोकांना जोड बसवले आणि मला दुकानात पाठवलं. फळीवर माझ्या शेजारी एक पांढरी शुभ्र नळी होती, पिण्याच्या पाण्याची. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या वेंडेल नावाच्या माणसाने आम्हा दोघांना एकाच दिवशी घेतलं. तिला त्याने घरगाडीतल्या स्वच्छ कपाटात ठेवलं आणि मला मागच्या बंपरच्या पोकळीत सरकवलं. "तुम्ही दोघांनी या जन्मात एकमेकांना शिवायचं नाही," असं तो म्हणाला, आणि त्याने ते कटाक्षाने पाळलं.

बंपरमध्ये राहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. झाकणाला एक भोक आहे, तेवढंच माझं जग. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या लाल दऱ्या, कमानी, सुळके, सगळं मी मागे पडतानाच पाहिलं. आत मंडळी "ते बघा, ते बघा" म्हणून ओरडत आणि मला धूळ खाल्ल्यावर कळे की बघण्यासारखं काहीतरी होऊन गेलं.

दर ऑक्टोबरमध्ये वेंडेल आणि त्याची बायको आर्डिथ त्या वाळवंटात दोन आठवडे येत. एका दरीच्या काठावर त्यांची ठरलेली जागा होती. परतताना टाकी रिकामी करायच्या ठिकाणी वेंडेल हातमोजे चढवी, मला बाहेर काढी, जोड चतकोर फिरवून टक् असा आवाज येईपर्यंत बसवी. आधी संडासाची टाकी, मग भांडी धुतलेल्या पाण्याची. घाण आधी, साबण मागून, म्हणजे पाइपही धुतला जातो. त्यावर आणखी तीन वेळा तो मला खळाळून धुवायचा.

"वेंडेल, माझ्या आंघोळीला तू इतकं पाणी कधी दिलं नाहीस रे!" आर्डिथ खुर्चीतून ओरडायची.

"तू इतकी घाण कधी काढली नाहीस," तो म्हणायचा.

एकदा शेजारच्या गाडीवाल्याने मला पाहून म्हटलं, "तुझा पाइप माझ्या तव्यापेक्षा स्वच्छ आहे." मित्रांनो, माझ्यासारख्याला कौतुक एवढंच मिळतं, पण ते मी आजवर जपून ठेवलं आहे. वेंडेलचं एक म्हणणं होतं. जो जेवतो त्याला जावं लागतं, त्यात लाज कसली? लाज वाटायची तर न धुतल्याची वाटावी.

मग आर्डिथ गेली. घरगाडी चार वर्षं अंगणात उभी राहिली. उन्हाने माझं अंग कडक झालं आणि मधोमध बोटभर चीर पडली. वेंडेलचे हात थरथरायला लागले. या वसंतात त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्याला थांबवत नाही. लागली की लागली. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने त्याला काय करावं?

त्याची मुलगी मार्लिस म्हणाली, "डॅड, या ऑक्टोबरला आपण आईच्या दरीवर जाऊ. गाडी कर्टिस चालवेल." कर्टिस म्हणजे तिचा नवरा. स्वयंपाकघराच्या ओट्यांना लागणारा दगड विकतो, आणि माणसांशी हात मिळवला की मागून हात पुसतो. निघण्याआधी वेंडेलने मला अंगणात पसरलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नवा घ्यायला हवा."

"कशाला?" कर्टिस चार पावलं लांब उभा राहूनच म्हणाला. "तो वापरायची वेळच येणार नाही. मी नियम केलाय."

नियम त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संडासाच्या दारावर चिकटवला होता. 'आत फक्त एक नंबर. दोन नंबरसाठी बाहेरची सोय शोधावी.' खाली सहीसुद्धा होती. गाडी वेंडेलची, संडास वेंडेलचा, आजवर टाकी रिकामी केली ती वेंडेलने. आणि नियम करणार हा सोवळ्याचा पुतळा, ज्याने मला अजून बोटसुद्धा लावलेलं नव्हतं!

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. बुधवारी सकाळी वेंडेलला थांबवलं नाही आणि तो आतल्या संडासात गेला. तो बाहेर येतो न येतो तोच खिडक्या धडाधड उघडल्या गेल्या. लिंबाच्या वासाचा फवारा फस्स फस्स असा मला बंपरमध्ये ऐकू आला.

"वेंडेल, दारावरचा कागद वाचता येतो ना तुम्हाला?"

"येतो," वेंडेल म्हणाला.

"मग झालं तर. इथे चार माणसं राहतात, जरा विचार करा."

"कर्टिस, डॅडना थांबवत नाही, सांगितलं होतं मी तुला," मार्लिस दबक्या आवाजात म्हणाली.

"मग दिवसभर त्या वासात तू जेव. मला नाही जमणार."

मार्लिस भांडी आवरू लागली. नऊ वर्षांची हॅटी, त्यांची मुलगी, दारावरचा कागद हळू आवाजात वाचू लागली. मला त्या लिंबाच्या वासाची जी किळस आली, ती माझ्या पोटातून सव्वीस वर्षांत जे काही वाहिलं त्याची कधी आली नव्हती.

दुपारी मुक्कामाला थांबल्यावर वेंडेल वाळूतून लांबच्या सरकारी संडासाकडे निघाला. मी भोकातून त्याची पाठ पाहत होतो. अर्ध्या वाटेत तो थांबला, तसाच बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने कोट कंबरेला गुंडाळला होता. गाडीच्या मागे, माझ्या अगदी समोर, त्याने बादलीत आपली विजार धुतली. थरथरत्या हातांनी तीन वेळा खळाळून धुतली, पूर्वी मला धुवायचा तशीच.

त्या संध्याकाळपासून तो जेवायचा बंद झाला.

हे कुणाला कळलं नाही. कळलं फक्त मला, कारण कचऱ्याची पिशवी गाडीच्या मागच्या शिडीला टांगलेली असे. "मी बाहेर बसून जेवतो, हवा छान आहे," असं म्हणून तो ताटली घेऊन मागे यायचा. राजमा, मक्याची पोळी, मार्लिसने केलेला बटाटा, सगळं कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत तळाशी सारायचा. मग ओठ पुसत आत जायचा. "मस्त झालं होतं गं," असंही म्हणायचा! दिवसभर काळी कॉफी आणि दोन-चार खारी बिस्किटं. गुरुवारी गाडीच्या पायऱ्या चढताना त्याने दाराची कड धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पाइपाला तोंडं दोन असली तरी वाचा नसते.

त्याच दिवशी तो मुलीला म्हणाला, "मार्लिस, उद्या माघारी फिरू या का?"

"डॅड! चार वर्षं थांबलात, आणि आईची जागा उद्यावर आली आहे!"

"दऱ्या काय, सगळ्या सारख्याच," तो म्हणाला. आर्डिथचा नवरा हे म्हणाला, मित्रांनो.

शुक्रवारी दरीच्या कच्च्या रस्त्याला लागण्याआधी कर्टिसने पेट्रोल भरलं आणि अंड्याच्या सॅलडचं सँडविच घेतलं. अर्धं खाल्लं, अर्धं काचेपाशी उन्हात ठेवलं आणि तासाभराने तेही खाल्लं. सारखे हात पुसणाऱ्याला एवढी अक्कल असायला हवी होती. थोड्याच वेळात गाडी करकचून थांबली. कर्टिसचे पाय धाडधाड आतून मागे आले आणि कागद चिकटवलेलं दार आपटलं.

घरगाडीच्या भिंती पुठ्ठ्याच्या असतात. पुढे काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं. तो बाहेर आला, दहा मिनिटांनी परत गेला, आणि मग पुन्हा गेला. तिसऱ्यांदा पाणी खाली जाईना. तीन दिवसांत साहेबांनी टाकी एकदाही रिकामी केली नव्हती, कारण मला हात लावावा लागला असता. आता ती काठोकाठ भरली होती.

कर्टिस पांढराफटक होऊन पायरीवर येऊन बसला. हॅटीने निरागसपणे विचारलं, "डॅडी, दारावरचा कागद वाचता येतो ना तुला?"

मार्लिसला हसू आवरेना. वेंडेल हसला नाही. तो आत गेला आणि जावयासाठी ग्लासभर पाणी घेऊन आला.

"इथेच सोडू या," कर्टिस घोट घेऊन म्हणाला. "समोर कोरडा ओढा आहे. कुत्रंसुद्धा नाही बघायला."

"नाही," वेंडेल म्हणाला.

"वाळू आहे नुसती, वेंडेल!"

"पाऊस आला की हाच ओढा वाहतो. खाली मेंढ्यांचा पाणवठा आहे. इतकी वर्षं मी इथे आलो, एक थेंब टाकला नाही. आता तुझ्यासाठी टाकू? ऊठ. बावीस मैलांवर टाकी रिकामी करायची जागा आहे. तिथे ने."

कर्टिस उठला. त्या बावीस मैलांत गाडी दोनदा थांबली आणि तो दोनदा झुडपामागे पळाला. उघड्यावर, उन्हात, बाहेरची सोय शोधत.

तिथे पोचल्यावर त्याने भांडी घासायचे हातमोजे कोपरापर्यंत ओढले, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावला आणि मला मेलेल्या सापासारखं दोन बोटांत धरलं.

"नीट धर. तो चावत नाही," वेंडेल म्हणाला. "चतकोर फिरव. टक् वाजलं पाहिजे."

टक् वाजलं. माझं दुसरं टोक जमिनीतल्या भोकात बसवून हॅटीने त्यावर दगड ठेवला. वेंडेल टाकीचं तोंड उघडणाऱ्या दट्ट्यापाशी बसला. त्याने दट्ट्या ओढला आणि सगळं माझ्या अंगातून धावत सुटलं. चीर पडली होती तिथे मी फाटू लागलो.

"चिरेवर हात ठेव," वेंडेल म्हणाला.

"मी?"

"माझे हात हलतात. दाबून धर आणि सोडू नकोस."

कर्टिसने डोळे मिटून माझ्यावर दोन्ही हात आवळले. त्याच्या तळव्याखालून मी गडगडत होतो. "शी! संपतच नाहीये," तो म्हणाला. "एवढं कुणाचं आहे हे?"

"खालचं पाणी सगळ्यांचं. वरचं तुझं. बुधवारनंतर बाकीच्यांनी कागद पाळला."

मग कर्टिसने चष्म्यातून सासऱ्याकडे पाहिलं. "पण मार्लिस म्हणाली तुम्हाला थांबवत नाही. मग तुम्ही कसं जमवलंत?"

"जेवलो नाही," वेंडेल म्हणाला. "बुधवारपासून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. हवेबद्दल सांगावं तसं त्याने ते सांगितलं. पण माझ्यावरचे हात एकदम लोखंडासारखे घट्ट झाले. कर्टिसच्या चष्म्याच्या काचा आतून धुरकटल्या. त्याने मला सोडलं नाही. टाकी संपली, साबणाचं पाणी आलं, तेही संपलं, तरी तो मला धरूनच उभा होता. शेवटी हॅटी म्हणाली, "डॅडी, झालं."

वेंडेलने मला धुतलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "संपला हा." माझं वेटोळं करून त्याने मला कचऱ्याच्या पिंपात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

"नवा मी घेतो," कर्टिस म्हणाला. "जोडीनही मीच."

मग तो आत गेला आणि परत येऊन त्याने पिंपात एक चुरगळलेला कागद टाकला. तो आता माझ्या अंगावर पडला आहे. सही वरच्या बाजूला आली आहे.

पिंपाच्या काठावरून मला झाडाखालचं टेबल दिसतं. मार्लिसला आता सगळं कळलं आहे. ती रडत रडत वाढते आहे. वेंडेलने राजमा संपवला, मक्याची पोळी संपवली आणि ताटली पुढे करून म्हणाला, "अजून आहे का गं?" उद्या ते परत दरीकडे निघणार आहेत. मी नसेन. ती जागा पुढून कशी दिसते हे मला कधीच कळणार नाही, पण त्याचं मला फार वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, माझे दिवस भरले. पण तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस असेल. ते ताट घेऊन लांब जाऊन बसायला लागलं, तर एकदा कचऱ्याच्या पिशवीत तळाशी हात घालून बघा. हात धुता येतो.

जेवण झाल्यावर वेंडेल सावकाश उठला, पायऱ्या चढून आत गेला आणि त्याने संडासाचं दार लावून घेतलं. कर्टिस बाहेर बरोबर संडासाच्या उघड्या खिडकीखाली बसला होता. तो तिथून उठला नाही.