ओडेलचा वाचनाचा तास

ओडेल पिंकनीला पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायचं होतं. हे तो शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत बोलला तेव्हा समोरच्या माणसांतला एक जण हसला. वाईट हसला नाही, पण हसला. ओडेल दारातून आत येताना मान वाकवतो. शाळेत असताना तो फुटबॉल खेळायचा. असा माणूस पोरांपुढे बसून 'मांजर' आणि 'टोपी' वाचणार, हे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसे.

तरी त्याला शिष्यवृत्ती मिळाली, मलाही मिळाली. आम्हा काळ्या-सावळ्या मुलांनी शिक्षक व्हावं म्हणून ती होती. कॉलेजची फी ते भरणार, आम्ही पुढे साउथ कॅरोलायनातल्याच शाळांत शिकवायचं. शिवाय प्रत्येकाला एक जुनी जाणती शिक्षिका मार्गदर्शक म्हणून. आम्हा दोघांच्याही वाट्याला मिस व्हर्नेल गॅड्सडेन आल्या. निवृत्त झाल्या होत्या, पण चालण्यातून शाळा गेली नव्हती. त्या मागून आल्या की आम्ही आपोआप सरळ बसायचो.

तिसऱ्या वर्षी सरावासाठी आम्हाला एकाच शाळेत धाडलं. मला तिसरीचा वर्ग, ओडेलला पहिलीचा. रोज सकाळी मी त्याच्या गाडीतून जायचे.

पहिल्याच आठवड्यात ओडेलच्या शेजारच्या वर्गात टॅव्हियन नावाच्या पोराने खुर्ची भिरकावली. तिथल्या बाई घाबरल्या आणि ओडेलला हाक मारली. ओडेल गेला, पोराच्या शेजारी व्हरांड्यात जमिनीवर बसला. थोड्या वेळाने पोरगं शांत झालं. सगळ्यांनी ओडेलचं कौतुक केलं. त्यालाही बरं वाटलं, हे मी पाहिलंय. संध्याकाळी गाडीत तो शीळ घालत होता.

मग रोजच हाका येऊ लागल्या. कुणी मारामारी केली, कुणी टेबलाखाली जाऊन बसलं, की बोलवा मिस्टर पिंकनींना. मुख्याध्यापिका डॉ. फ्रेझर यांनी त्याच्या हातात वॉकीटॉकी दिला. त्याही आमच्यातल्याच, आणि माणसं कमी पडत होती म्हणून बिचाऱ्या स्वतः जेवणाच्या खोलीत ताटं उचलायच्या. व्हरांड्यात ओडेलजवळ येऊन बसणारी पोरं बहुतेक आपलीच, काळी. वर्गात वाचन चालू असायचं तेव्हा ती बाहेर, आणि तोही बाहेर. झाडांची पानं गळायला लागली तरी त्याने एकही धडा घेतला नव्हता.

अशात मिस व्हर्नेल त्याचा धडा बघायला आल्या. तो व्हरांड्यात तीन पोरांना घेऊन बसलेला. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि तासभर बघत बसल्या. नंतर आम्हा दोघांना शाळेबाहेरच्या ओकच्या झाडाखाली घेऊन गेल्या.

"पोरं काय शिकली आज?" त्यांनी विचारलं.

"गप्प बसायला," ओडेल म्हणाला.

"आणि तू?"

त्याने हातातल्या वॉकीटॉकीचा आवाज कमी केला.

"गोऱ्या मुलांच्या शाळेत मला पहिल्यांदा पाठवलं ना," मिस व्हर्नेल म्हणाल्या, "तेव्हा मला गाणं शिकवायला लावलं. त्यांना वाटलं, ही काळी बाई, हिला गाता येणारच. मला सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी गणित शिकवायला गेले होते, लेकरा. 'नाही' म्हणायला मला किती वर्षं लागली ते विचारू नकोस."

"तुम्ही डॉ. फ्रेझरना फोन कराल का?"

"करेन की. ती 'हो' म्हणेल, आणि मी फोन ठेवला की पुन्हा तुला हाक मारेल. बोलायचं तुलाच."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी डॉ. फ्रेझर झाले आणि त्याने माझ्यापुढे बोलून पाहिलं.

"मॅडम, म्हणजे, मला असं वाटतं की, तुमची हरकत नसेल तर..."

"पिंकनी, तोवर माझी निवृत्ती होईल," मी म्हणाले.

"रेनिटा, तू त्यांच्यापेक्षा खवट आहेस."

"त्या माझ्याहून बऱ्या निघाल्या तर फायदाच आहे तुझा."

त्या दिवशी दुपारी तो खरंच आत गेला. काय झालं ते त्यानेच सांगितलं. त्याने वॉकीटॉकी टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी वाचन शिकवायला आलोय."

डॉ. फ्रेझरनी तो परत त्याच्याकडे सरकवला. "ती पोरं फक्त तुझं ऐकतात. तू नसलास तर मी त्यांना घरी पाठवू का? वर्गातून तर आधीच काढलंय."

"त्यांनाही वाचायला शिकवायचंय, मॅडम. पण वर्गात."

त्या चिडल्या. आजकालच्या मुलांना सगळं आयतं हवं असतं, असंही बोलल्या. मग कपाळ चोळत म्हणाल्या, "सकाळचा वाचनाचा तास तुझा. त्या वेळात पोरांकडे मी बघते."

सोमवारी त्याने पहिला धडा घेतला. मध्येच शेजारच्या वर्गात काहीतरी आदळलं आणि टॅव्हियनचं ओरडणं ऐकू आलं. डॉ. फ्रेझर तेव्हा फाटकापाशी एका पालकाशी बोलत होत्या, म्हणून माझा वर्ग सोडून मी धावले. पोराने माझ्या नडगीवर लाथ मारली. व्हरांड्यातून, ओडेलच्या वर्गाच्या काचेतून मला तो दिसत होता. फळ्याकडे तोंड करून उभा होता, खडू हातात, आणि लिहीत नव्हता. मग वळला आणि पुढचा शब्द वाचला. धडा काही चांगला झाला नाही. फार भरभर बोललास, असं त्या वर्गाच्या नेहमीच्या बाईंनी सांगितलं.

टॅव्हियन त्याच्याशी बोलेना. दोन-चार दिवसांनी ओडेल त्याच्याजवळ गेला.

"तू आला नाहीस," पोरगं म्हणालं.

"नाही आलो. शिकवत होतो."

"मला राग आला."

"येणारच. उद्या माझ्या वर्गात वाचायला येतोस?"

"मला नाही आवडत वाचायला."

"माहितीये मला."

डॉ. फ्रेझरनी परवानगी दिली. टॅव्हियन सुधारला वगैरे नाही. कधी पुस्तक फेकायचा, कधी टेबलाखाली जायचा, आणि ओडेल टेबलाखाली वाकून पुढची ओळ विचारायचा. वर्ष संपताना टॅव्हियन दोन पानं अडखळत वाचायचा, आणि ती झाली की सगळ्यांकडे रागाने बघायचा, कुणी हसलंय का ते पाहायला. कुणी हसायचं नाही.

पदवी मिळाल्यावर डॉ. फ्रेझरनी ओडेलला तिथेच पहिलीचा वर्ग देऊ केला. त्याने विचार करायला एक आठवडा मागून घेतला, आणि मग हो म्हणाला.