पाणी न टिपणारा टॉवेल

विरेशच्या टॉवेल कारखान्यात राजश्री तळभंडारे विक्री सांभाळायची. विरेशच्या वडिलांच्या काळात एकच धोरण होतं: माल चांगला विणा, गिऱ्हाईक शोधत येईल. विरेशला ते पटत नव्हतं. "चांगला मालही गोदामात पडून राहतो, खपवावा लागतो," तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

पण या दिवाळीला त्याने हलक्या सुताच्या टॉवेलवर मऊपणाचं रसायन चढवलं. हात फिरवला की लोण्यासारखं लागायचं. राजश्रीने एक घरी नेला. आंघोळीनंतर कितीही पुसलं तरी अंग ओलंच.

"सर, हा पाणीच टिपत नाही."

"आठ-दहा धुण्यांनंतर टिपेल. दुकानात कोण अंग पुसून बघतंय? दोनावर एक फुकट द्या, उचलतील."

"एकदाच उचलतील."

"मग माग बंद ठेवू का? मॅडम, तुमचं काम विकायचं."

"विकते. पण वेष्टनावर 'पाणी झटकन टिपणारा' छापलंय, ते मी म्हणणार नाही."

दुकानदारांच्या मेळाव्यात विरेशने मुद्दाम तिच्याच हातात माईक दिला. राजश्रीने टॉवेल टेबलावर पसरला आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. थेंब मोत्यांसारखे घरंगळत खाली गेले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"बसा खाली," विरेश दात आवळून म्हणाला.

"नाही बसत. घरी नेऊन फसणार ते या दुकानदारांचं गिऱ्हाईक. यांना आधीच कळू दे."

वळसंगचे दुकानदार चनबसप्पा उठले. "आमाला गावात रोज तोंड दावायचं हाय. ह्यो माल नको."

बऱ्याच जणांनी मात्र फुकटच्या लोभाने माल नोंदवलाच.

दुसऱ्या दिवशी विरेशने राजीनामा मागितला. "चूक माझी नाही, राजीनामा देणार नाही," ती म्हणाली. "काढायचं तर तुम्ही काढा." त्याने काढलं. घरी जाऊन ती रडली, रागाने.

महिन्याभराने चनबसप्पांनी तिला दुकानात बोलावलं. ओळखीच्या विणकराकडून टॉवेल विणून घ्यायचे, असं दोघांचं ठरलं होतं. नमुना विणायला टाकण्याआधी राजश्री गल्ल्याशेजारी स्टूल घेऊन बसली आणि येईल त्या बाईला टॉवेलबद्दल विचारू लागली.

"आखूड पडतो की," एक म्हातारी म्हणाली. "न्हाल्यावर केसांना गुंडाळाया पुरत न्हाय. पर आमाला इचारतंय कोण?"

"मी विचारते," राजश्री म्हणाली. "किती लांब पाहिजे, सांगा."