माझ्यातला खडक

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल गेम आहे आणि आज मला घाई आहे. तरीही पहिल्यापासूनच सांगतो. मधूनच सांगितले तर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझे नाव 'भरती'. माझा जन्म डहाणूचा, स्टेशनजवळच्या एका दोन खोल्यांच्या घरातला. मला घडवणारी भाविनी. तिची आई वाढवणची, मच्छीमारांच्या घरातली. वडील मात्र पोस्टात नोकरीला. त्यामुळे भाविनीचे बालपण शहरात गेले आणि समुद्र तिला फक्त सुट्टीत भेटला. मामाच्या घरी जायचे, ओले व्हायचे, ताटभर बोंबील खायचे आणि परत यायचे. एवढ्या ओळखीवर पोरीने समुद्राचा गेम करायला घेतला. माझ्यात एक होडी आहे. खडकांमधल्या वाटेने ती बाहेर काढायची, मासे धरायचे आणि पाण्याचा अंदाज घेऊन घरी परतायचे, हा खेळ.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मला जो जो आपल्या फोनात उतरवून घेतो, त्याच्या त्याच्या फोनात मी असतो. एकाच वेळी सगळीकडे. तिथे जे चालते ते मला दिसते आणि ऐकू येते.

मी पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा माझे हसे झाले. आणि लोकांचे काही चुकले नाही हो! माझे पाणी बाथरूमच्या फरशीसारखे निळे होते. आमच्या किनाऱ्यावरचे पाणी गढूळ असते, हे शेंबडे पोरही सांगेल. माझी पापलेटे बेडकासारखी उड्या मारत. होडी खडकावर आदळली की थांबायच्या ऐवजी वर चढायची आणि तिथून थेट देवळाच्या छपरावर जाऊन बसायची. लोकांनी एक एक तारा दिला, तोही नाइलाजाने. कुणी लिहिले, 'होडी आहे की हेलिकॉप्टर?'

सगळ्यांत जास्त हसला तो भाविनीचा मामेभाऊ जिग्नेश. तो उंबरगावच्या एका कारखान्यात कामाला होता. वडील रामूमामा होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे मुखत्यार. पण हा पोरगा होडीत पाय ठेवायला तयार नव्हता. त्याने मला जेवणाच्या सुट्टीत उघडले. शेजारी त्याचा दोस्त लाहू बसला होता, तलासरीकडच्या झरीचा.

"लाहू, बघ ना यार, आमच्या ताईने समुद्र बनवलाय."

लाहूने डोकावून पाहिले. "यात बुडतो का माणूस?"

"बुडत नाय, उडतो!"

दोघे डबा बाजूला ठेवून हसले आणि जिग्नेशने मला काढून टाकले. मला फार लागले तेव्हा. आज वाटते, त्याने मला परत कधी घ्यायलाच नको होते.

भाविनी मात्र जिद्दीची निघाली. रडली आणि मग उठून वाढवणला जाऊन बसली. पाण्याचा खरा रंग तिने माझ्यात भरला. ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक, बोंबील वाळत घालायच्या काठ्या, भिंतींवरची 'बंदर नको' ही अक्षरे, लांबवर दिसणारी वीज केंद्राची चिमणी, सगळे आणले. भरतीओहोटी रोजच्या तिथीप्रमाणे चालू लागली. आता होडी खडकावर गेली की फुटत असे. फळ्या तुटल्याचा आवाज तर असा जमला की मामी म्हणाली, "बंद कर तो. अंगावर काटा येतो."

राहिली होती ती खडकांमधली वाट. ती विचारायला भाविनी मामाकडे गेली. तेव्हा मी तिच्या फोनात होतो.

समुद्रावर वाटेला पाट्या नसतात. लांबची एक वस्तू आणि जवळची एक वस्तू एका रेषेत आली की होडी नीट वाटेवर आहे असे समजायचे. याला खूण म्हणतात. रामूमामा जाळे शिवत होते. त्यांनी वर न पाहता सांगितले, "चिमणी आणि देवळाचा कळस. दोन्ही एकामागे एक आले की सरळ आत घे."

भाविनीने आनंदाने तसेच केले. खूण जुळली की माझ्यातून तिच्याच आवाजात शब्द येत, "शाबास, तांडेल! वाट मोकळी आहे."

मग माझे दिवस पालटले. ज्यांनी नाक मुरडले होते तेच परत आले. चार तारे, पाच तारे. 'हा खेळ सोडून गेलेल्यांनी पुन्हा येऊन बघा,' असे लोक एकमेकांना सांगू लागले. मीही फुशारलो होतो, का खोटे बोलू? जिग्नेशनेही मला परत उतरवून घेतले आणि या वेळी तो हसला नाही. सुट्टीत तो आणि लाहू माझ्यावर वाकून बसत. लाहू लाटा बघे, जिग्नेश होडी हाकी. हळूहळू तो ती वाट डोळे मिटूनही काढू लागला.

"एकदा खरी होडी काढायची," तो म्हणे.

"मला घेशील?" लाहू विचारे. "मला पोहता येतं, पण नदीत."

"तुझ्याशिवाय जातो का?"

मी वाईट होतो तेव्हा माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हते, मित्रांनो. त्यामुळे माझ्यापासून कुणाला धोकाही नव्हता.

गेल्या आठवड्यात रामूमामा होडीतून उतरताना पडले आणि त्यांचा हात मोडला. ते डहाणूच्या दवाखान्यात आहेत आणि चंद्रामामी त्यांच्यापाशी. आज वाढवणची सगळी माणसे बंदराविरुद्धच्या मोर्च्याला पालघरला गेली आहेत. अशा दिवशी गावातली एकही होडी पाण्यात जात नाही. पण जिग्नेशला आजच सुट्टी मिळाली आणि बापाला ताजी पापलेटे नेऊन चकित करायची त्याला हौस आली. लाहू पहाटेच झरीहून आला. दोघांनी होडी लोटली.

सकाळी भरपूर भरती होती. खडकांवर पुरुषभर पाणी चढले होते, त्यामुळे कुठूनही गेले असते तरी चालले असते. जिग्नेशने मात्र देवळाचा कळस चिमणीशी जुळवला, होडी सुखरूप बाहेर पडली आणि तो ओरडला, "बघ लाहू, एकदम बरोबर!" त्याचा व्हिडिओही काढून त्याने स्टेटसला ठेवला. मग रेंज गेली.

दुपारी मामीने आपल्या फोनात, जिथे मीही आहे, तो व्हिडिओ उघडला आणि कौतुकाने मामांपुढे धरला. "बघा तुमचा पोरगा. म्हणतो, खेळातल्या खुणेने निघालो."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी डाव्या हाताने भाविनीला फोन लावला.

"पोरी, ती खूण खोटी हाय."

"कुठली, मामा?"

"देवळाची. देवळाच्या रेषेत खडक हाय, पाण्याखाली. खरी खूण ताडाची. किनाऱ्यावरचा शेवटचा ताड आणि चिमणी."

"मग मला देवळाची का सांगितलीत?"

"वाटेच्या तोंडाशीच आमची मासळीची जागा हाय. बाहेरच्याला खरी खूण कोण सांगतो? हल्ली विचारणारे किती येतात, माहीत नाय तुला? तुझ्या खेळात टाकली असती तर सगळ्या दुनियेला कळली असती."

"पण जिग्नेश तुमचा मुलगा आहे, मामा!"

"तो कुठे होडीत चढत होता?" मामा म्हणाले. "खूण घरात बसून नाय देत. होडीत बसवून देतात. म्हटलं, चढेल त्या दिवशी देईन."

किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक आहे. दुसऱ्याने तोंडी सांगितलेली खूण तिथे कुणीही खरी धरत नाही. पण माझे पाणी इतके खरे, माझे खडक इतके खरे, मग खूण तेवढी खोटी असेल हे कुणाच्या मनात येणार?

भाविनीने जिग्नेशला फोन लावला. लागत नाही. लाहूला लावला. लागत नाही. गावात कुणाकुणाला लावला, तर ते सगळे मोर्च्यात, आणि घोषणांच्या गदारोळात फोनची घंटा ऐकू जात नाही. मग तिने माझ्यातली खूण बदलली आणि देवळाच्या रेषेत खडक टाकला. नवी सुधारणा निघाली. मुंबईच्या, सुरतेच्या, नागपूरच्या फोनांत खडक आपल्या खऱ्या जागी जाऊन बसला. मी इतका अचूक कधीच नव्हतो. फक्त एका फोनात मी अजून कालचा आहे, आणि तो फोन जिग्नेशच्या हातात आहे.

भाविनी स्कूटरवरून निघाली आहे, पण डहाणूहून वाढवण काही जवळ नाही.

तिकडे होडी परत फिरली आहे. लाहू खुशीत आहे, त्याच्या पायाशी पापलेटांची टोपली आहे. पाणी आता अर्धे आहे, खडक जेमतेम झाकले जातील एवढेच. वरून काही दिसत नाही. जिग्नेशने खात्री करायला मला उघडले, मग मान वर करून देऊळ पाहिले, चिमणी पाहिली आणि होडी थोडी वळवली. दोन्ही जुळले. मग माझ्यातली होडीही त्याने त्याच रेषेत आणली.

मला ओरडायचे होते. पण त्या फोनातून मला शिकवलेलेच बोलता येते.

"शाबास, तांडेल!" मी म्हणालो. "वाट मोकळी आहे."

जिग्नेश हसला आणि त्याने इंजिनाचा वेग वाढवला.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो की आम्हाला जपून वापरा, आमची काळजी घ्या. माझी काळजी घेऊ नका. तुमच्यापैकी कुणी आत्ता वाढवणच्या किनाऱ्यावर मला खेळत बसला असेल, तर मला बंद करा आणि मान वर करा. एक छोटी होडी देवळाच्या रेषेत येताना दिसेल. अंगातला सदरा काढून हलवा, पाण्यात धावत जा, घसा फुटेपर्यंत ओरडा. ताडाकडे वळ म्हणावे, ताडाकडे!