निळ्या ट्रेमधले डॉलर

खोट्याच्या कपाळी गोटा, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने नाण्यांचा धंदा केलेला नसणार. आमच्याकडे खोटं सांगणाऱ्याला गिऱ्हाईक ख्रिसमसला घरी केलेला अक्रोडाचा रोल पाठवतं आणि खरं सांगणाऱ्याला पार्किंगमध्ये गाठून शिव्या घालतं. मी रोलही खाल्लाय आणि शिव्याही, म्हणून अधिकाराने सांगतो.

यंग्सटाउनच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचा बाजार भरतो. तीस-बत्तीस टेबलं, प्रत्येकावर एक दिवा, एक भिंग आणि मागे एक म्हातारा. स्वयंपाकघरात चर्चच्या मावश्या पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, करतात, त्यामुळे अकरानंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक नाण्याला लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास असतो. दाराजवळचं टेबल माझं. मी एमिल हुडाक, वय अडुसष्ट, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त. सव्वीस वर्षं इथे बसतोय, मधली अडीच वर्षं सोडून. त्या अडीच वर्षांत मी क्लीव्हलंडला एका सोनाराकडे कामाला होतो, असं हॉलमधले सगळे समजतात.

बाजार भरवणाऱ्या क्लबने मला एक काम लावून दिलंय. नवखा माणूस नाणी विकायला आला की त्याला आधी माझ्याकडे पाठवतात. मी फुकट बघतो आणि काय ते खरं सांगतो. दारावर तिकिटं फाडणारा सांगतो, ‘एमिलला विचारा, तो खोटं बोलत नाही.’ ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला कुणाला तरी सांगायचं, की बाबा रे, ज्यात गाडी येईल असं तू समजत होतास त्यात फक्त टायर येतील, याचा कंटाळा येतो. मला तर आता माणसाच्या हातातली पिशवी बघूनच थकायला होतं.

मार्चमध्ये गॉर्डन व्राबेल आला. हा नवखा नव्हे. पोलाद कारखान्यातला जुना फिटर, ऐंशीला टेकलेला, दर बाजाराला येणारा, माझ्या टेबलाशी उभं राहून कॉफी पिणारा आणि काही न घेता जाणारा. बायको इर्मा नोव्हेंबरात जिन्यावरून पडली, खुबा मोडला. तेव्हापासून ती नर्सिंग होममध्ये आहे, कारण घरातली झोपायची खोली आणि न्हाणीघर वर आहे आणि मध्ये चौदा पायऱ्या आहेत. त्याला खालच्या मजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर बांधून घ्यायचं होतं. बांधणारा ठरला होता, त्याने नऊ हजार सांगितले होते. उन्हाळ्याच्या आत इर्माला घरी आणतो, हे त्याने मला फेब्रुवारीत दोनदा सांगितलं होतं.

त्याने बुटांचा एक खोका माझ्या टेबलावर ठेवला.

“बघ बाबा एमिल. एकतीस आहेत. सगळे मॉर्गन, सगळे सहासष्ट. इतकी वर्षं तुला दाखवले नाहीत, म्हटलं एकदम दाखवू.”

मी झाकण उघडलं. निळ्या कडेच्या प्लॅस्टिकच्या डब्या, वर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर दीपस्तंभाचं चित्र. लेकशोर ग्रेडिंग.

नाण्याला एक ते सत्तर मार्क देतात. साठच्या पुढचं म्हणजे कधीच कुणाच्या खिशात न गेलेलं. मार्क देणारी कंपनी नाणं कडक डबीत कायमचं बंद करते आणि वर चिठ्ठी लावते. चांगल्या कंपन्या आहेत, त्यांच्या चिठ्ठीवर देशभर व्यवहार होतो. पण डबी आणि छापायचं मशीन काय, कुणालाही विकत मिळतं. त्रेसष्टचा साधा मॉर्गन, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचा चांदीचा डॉलर, सत्तर-पंचाहत्तर डॉलरना जातो, सहासष्टचा तीनशेला. मधले तीन मार्क म्हणजे नाण्यावर कोरलेल्या बाईच्या गालावरचे चार-सहा ओरखडे. टांकसाळीतून हे डॉलर गोणीत भरून जायचे, गोणीत एकमेकांवर आपटायचे आणि सगळ्यात आधी त्या गालावर खुणा पडायच्या.

आमच्यात रीत आहे, आधी अंगठा ठेवून चिठ्ठी झाकायची, मग नाणं बघायचं. मी अंगठा ठेवला. दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवलं. त्रेसष्ट. दुसरं बासष्ट. तिसरं त्रेसष्ट. गॉर्डनने ते माझ्याइतक्याच जवळून बघितले असते तर त्यालाही गालावरचे ओरखडे दिसले असते. पण घेतल्यापासून अकरा वर्षं त्याने नाण्यांकडे पाहिलंच नव्हतं, फक्त चिठ्ठ्या वाचल्या होत्या. एक डबी हातात घेतली तेव्हा जबड्याखालची एक आडवी खाच मला ओळखीची वाटली. हजारो नाण्यांत असं होत नाही, पण झालं.

सगळी एकतीस बघून झाल्यावर मी त्याला बसायला सांगितलं आणि आकडा सांगितला. बावीसशे. कुणी फार खूश असेल तर तेवीसशे.

तो ओरडला नाही. त्याला अंदाज आलेला होता, हे मला मग कळलं. केसलरकडून, म्हणजे ज्या दुकानदाराने त्याला फोनवरून महिन्याला एक-एक डॉलर विकला त्याच्याकडून, फसलेल्या सात जणांनी मिळून राज्य सरकारकडे तक्रार केली होती आणि गॉर्डन त्यांतला एक होता. राज्याच्या राजधानीत, कोलंबसला, सरकारी वकीलबाईंनी फाइल उघडली होती. केसलरचा वकील म्हणत होता, की ग्रेड हे मत आहे, मत चुकलं म्हणून कुणी चोर होत नाही, आणि शिवाय ग्रेड केसलरने दिलेलाच नाही, लेकशोर या स्वतंत्र कंपनीने दिलाय.

“मला फक्त आज तुझ्या तोंडून ऐकायचं होतं,” गॉर्डन म्हणाला. “आता तू एक पत्र लिहून दे. एकतीसही नाण्यांचे खरे मार्क. तुझ्या शब्दाला मान आहे. वकीलबाईंना दाखवतो, पैसे परत मिळाले तर मेमध्ये काम सुरू करता येईल.”

पत्र लिहिणं सोपं होतं. पंधरा मिनिटांचं काम. गॉर्डनने माझा हात हातात घेतला असता, मावश्यांकडून पिएरोगीची प्लेट आणून दिली असती आणि पत्र फाइलमध्ये जाऊन पडलं असतं. माझं मत त्रेसष्ट, त्यांचं मत सहासष्ट. वकील हसला असता, आणि मी खरं बोलणारा माणूस म्हणून तसाच दाराजवळ बसून राहिलो असतो. हे सगळं मी एका क्षणात मोजलं, खोटं कशाला बोलू. आणि एक क्षण मला ते फार बरं वाटलं.

“पत्राने काही होणार नाही, गॉर्डन,” मी म्हणालो. “ट्रे बघितलेला माणूस हवा.”

“कसला ट्रे?”

मग सांगितलं. लेकशोरचं दार मागच्या रस्त्यावर होतं आणि केसलरचं दुकान पुढच्या, पण मधली भिंत एकच होती आणि त्या भिंतीला एक दार होतं. आत दोन प्रकारचे ट्रे यायचे. बाहेरच्या लोकांनी पाठवलेली नाणी पांढऱ्या ट्रेमध्ये, केसलरची निळ्या. पांढऱ्यातल्या नाण्याला जे दिसेल ते द्यायचं. निळ्यातल्याला त्याहून तीन जास्त. हे कधी कुणी तोंडाने सांगितलं नाही, कागदावर तर नाहीच. पहिल्या आठवड्यात मी निळ्या ट्रेला खरे मार्क दिले, तो ट्रे दुपारी तसाच परत माझ्या टेबलावर आला. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा मी समजलो आणि मग तो परत आला नाही.

“तुला हे कसं माहीत?” गॉर्डनने विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

“मी तिथे होतो. अडीच वर्षं. सोनार वगैरे कुणी नव्हता.”

कारणं मी दिली नाहीत. होती तशी, माझं दुकान बसलं होतं, मुलीच्या कॉलेजची फी होती. पण ती सगळ्यांनाच असतात. आणि माझा स्वाभिमान जागा झाला म्हणून मी सोडलं असंही नाही. केसलरने माझ्या जागी स्वस्तातला माणूस ठेवला. परत येऊन मी या दाराजवळ बसलो आणि लोकांना खरे मार्क सांगू लागलो, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की फिटंफाट झाली.

गॉर्डनने खोका स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, “यातली तू केलेली किती?”

“सांगता येणार नाही. बरीच असतील.”

“आणि मग आज त्रेसष्ट म्हणतोस ते मी कशावरून खरं धरू?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अडीच वर्षं खोटे मार्क देत होतो तेव्हा कुणी संशय घेतला नाही आणि ज्या दिवशी खरं बोललो त्या दिवसापासून माझा खरा आकडाही गेला. त्याने खोका उचलला आणि तीन टेबलं पलीकडे डॅरेल पिंकर्टकडे गेला.

डॅरेल पंचेचाळीसचा, गोड बोलणारा, कोट घालून येणारा हॉलमधला एकमेव माणूस. गॉर्डनला त्याने खुर्ची दिली, काकूंच्या तब्येतीची चौकशी केली, एक डबी दिव्याकडे धरली आणि हळहळला. मला सगळं ऐकू येत होतं, कारण डॅरेल बोलतो ते आजूबाजूच्या चार टेबलांसाठी असतं.

“कोण म्हणालं त्रेसष्ट, काका? हा पासष्टच्या खाली नाही. लोकांना ना, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.” रोख आज नाही, असं तो पुढे म्हणाला, पण चिठ्ठीवरच्या भावाने तो सगळी एकतीस ठेवून घ्यायला तयार होता. बदल्यात दोन सोन्याची नाणी देणार होता, फार दुर्मिळ, वसंतातल्या लिलावात बारा हजारांना हातोहात जातील अशी. तीही डबीतच होती. डबीवरच्या कंपनीचं नाव त्याने मोठ्याने सांगितलं, ते मी या आधी कधी ऐकलं नव्हतं.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. ती एकतीस नाणी हा त्याच्या दृष्टीने सौदा नव्हता, ते सुटे होते. ती दोन फुगवलेल्या मार्कांची नाणी गॉर्डनच्या गळ्यात मारणं हा सौदा होता. आणि डब्या एकदा डॅरेलकडे गेल्या की तो त्या हातोडीने फोडून नाणी मोकळी करणार, चिठ्ठ्या कचऱ्यात. मग वकीलबाईंना ट्रेची गोष्ट सांगून मी काय दाखवणार होतो?

माझ्याकडे क्लबचे छापील कागद होते. मी एकावर लिहिलं. भिंतीतलं दार, पांढरा ट्रे, निळा ट्रे, तीन मार्क, तारखा, माझा पगार, शपथेवर सांगायला तयार आहे. खाली सही, पत्ता, फोन. अक्षर वाईट आलं. उठलो आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो.

“गॉर्डन, या डब्या देऊ नका,” मी म्हणालो. “डब्यांशिवाय या कागदाला किंमत नाही.”

डॅरेलने कागद वाचला आणि हसला. मग मोठ्याने, चार टेबलांना ऐकू जाईल असं, शेवटचा भाग वाचून दाखवला. आजूबाजूचं बोलणं थांबलं. ज्यांच्याबरोबर मी सव्वीस वर्षं कॉफी प्यायलो ते माझ्याकडे बघत होते आणि तिकिटं फाडणारा दारातून आत आला होता.

“काका, हा स्वतःच कबूल करतोय की हा लफंगा आहे,” डॅरेल म्हणाला. “आणि तुम्ही याचं ऐकणार?”

गॉर्डनने कागद त्याच्या हातातून काढून घेतला. सावकाश वाचला, फिटर लोक नकाशा वाचतात तसा, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग त्याने डब्या एक-एक करून खोक्यात परत भरायला सुरुवात केली.

“हा माणूस उद्यापासून इथे तोंड दाखवू शकणार नाही, तरी त्रेसष्टच म्हणतोय,” तो डॅरेलला म्हणाला. “तू फुकटात पासष्ट म्हणतोस.”

खोक्याला दोरी बांधून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. मी मूर्ख, मला वाटलं आता तो खांद्यावर हात ठेवेल.

“आकडा पटला,” तो म्हणाला. “तू नाही पटलास. सोमवारी कोलंबसला मी गाडी घेऊन येतो, तू बरोबर यायचंस.”

मी येतो म्हणालो.

“आणि त्याच्या आधी उद्या दुपारी दोन वाजता नर्सिंग होममध्ये ये. केस वर्ष-दोन वर्षं चालेल, वकीलबाई म्हणाल्यात. म्हणजे उन्हाळ्यात खोली होत नाही. ती रोज विचारते, रंग कुठला लावतोयस म्हणून. तिला मी सांगणार नाही, तू सांग.”

कोलंबसच्या वकीलबाईंची मला भीती वाटत नव्हती, कोर्टाची नाही, केसलरचीही नाही. इर्मा व्राबेलच्या पलंगाशेजारच्या खुर्चीची वाटली, आणि अजून वाटते आहे. मी त्याला तिथली इर्माची खोली कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं. तो म्हणाला, तळमजला, दारातून आत आलं की डावीकडे तिसरी.