म्हणे, मशीन म्हातारी झाली

मी लेथ बोलतोय. गिऱ्हाइकं मला 'लेद' म्हणतात, शेठ 'खराद' म्हणायचा आणि मुखरू मिस्त्री तर तोंडाला येईल ते म्हणायचा. पोलादाचा गज माझ्या चकात, म्हणजे जबड्यात, धरायचा, गरागरा फिरवायचा आणि टूलच्या धारेनं त्याला गोल, गुळगुळीत करायचं, एवढंच माझं काम. काम चांगलं झालं तर मिस्त्रीचा हात चांगला. बिघडलं तर मशीन खराब. माणसांचा हा न्याय मी नागभीडला उतरल्या दिवसापासून ऐकतोय.

माझी ओतणी पंजाबात, बटाल्याला झाली. तिथून मालगाडीनं नागभीड जंक्शनला आलो आणि धानगिरण्यांच्या रस्त्यावर शेठच्या वर्कशॉपात उभा राहिलो. शेठनं मला हार घातला, नारळ फोडला आणि मुखरूच्या हाती दिलं. नारळाचं पाणी माझ्या बेडवर, म्हणजे पाठीच्या लांब पाटावर, सांडलं. ते कोणी पुसलं नाही. पहिला गंज मला तिथंच चढला.

मुखरू टापटीप माणूस होता, स्वतःपुरता. केसांना तेल, खिशाला पेन. पण माझ्या बेडवर तो हातोडी ठेवी, जेवणाचा डबा ठेवी आणि घामेजलेला शर्ट वाळवायला माझ्या शेपटाकडच्या टेलस्टॉकवर टाकी. टूलची धार गेली तरी तो घासत नसे, जोर लावी. मला फिरवणारा पट्टा मंद गतीच्या पुलीवर चढवलेला असे तो वर्ष वर्ष तिथंच. सरकवायला वाकावं लागतं ना! मंद फिरणारं पोलाद कापलं जात नाही, फाटतं. त्याचे कण टूलच्या टोकाला चिकटतात आणि तेच पुढचा गज ओरबाडत जातात. मी थरथरत, किंचाळत ते सोसायचो. मग मुखरू पॉलिशपेपर काढी आणि दांडा आरशासारखा चमकवी. गिऱ्हाईक त्यात स्वतःचं तोंड पाही आणि खूश होऊन जाई. चमकेखालचे ओरखडे तसेच राहत.

त्याच वर्कशॉपात कोपऱ्यातल्या ड्रिलवर लटारू रामटेके होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. चांद्याच्या आयटीआयतून टर्नरचं, म्हणजे लेथ चालवायचं, शिक्षण पास झालेला. पण शेठनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तू भोकं पाडायची, लेथला हात लावायचा नाही. त्याच्या चहाचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असे. त्या कपातून तो एकदाही चहा प्यायला नाही. घरून आणलेलं पाणी प्यायचा. माझ्या चकाला आजवर शेकडो हात लागले. कोणत्या हाताला काम येतं आणि कोणत्या हाताला नाही, एवढंच मला कळतं. शेठला तेवढंही कळत नव्हतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात वारलू आला. दोन कोसांवरच्या गावात नळयोजनेचा पंप चालवायचा. पंपाच्या दांड्याभोवती चरबीत भिजवलेली सुताची दोरी ठासलेली असते. दांडा तिच्यातून फिरतो आणि पाणी बाहेर येत नाही. दांडा खरखरीत असला की तो दोरी खातो. मग पाणी तिथूनच उडतं, टाकी भरत नाही. वारलूनं दांडा तीनदा आमच्याकडून करून नेला होता. तिन्ही वेळा मुखरूनं. तिन्ही वेळा चकचकीत.

चौथ्यांदा तो सायकलला दांडा बांधून आला तेव्हा मे महिना होता. हातात दोरीचा चोथा होता. त्यानं सांगितलं की गावातल्या बाया पुन्हा नाल्यात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरतात आणि त्याची बायको बायनाबाई तिथं गेली की बाकीच्या उठून जातात. पाणी समितीचं म्हणणं होतं की वारलूच दोरी जास्त आवळतो, त्यालाच पंप चालवता येत नाही. उद्या सकाळी बैठक होती. त्याला काढायचं ठरल्यातच जमा होतं.

"अकरा वर्षं झाली भाऊ, पंप चालवून राह्यलो," तो म्हणाला. "मले दोरी आवळता नाई येत म्हनतेत."

मुखरू तेव्हा मेहुण्याच्या लग्नाला ब्रह्मपुरीला गेला होता. जाताना शेठच्या कानात घालून गेला होता की मशीन म्हातारी झाली, तिच्यावर आता फिनिश येत नाही. शेठ वारलूला तेच ऐकवत होता. ड्रिल बंद करून लटारू पुढे आला. त्यानं दांडा हातात घेतला आणि लांबीनं हळूच नख ओढलं. नख कर्रकन वाजलं.

"मशीनले काई नाई झालं शेठ," लटारू म्हणाला. "मले आजचा दिवस द्या. नाई जमलं तर ड्रिलवरूनही काढा."

शेठ कबूल झाला. त्याच्या मोठेपणामुळे नव्हे. वारलू दारातून हलत नव्हता आणि बाहेर माणसं जमू लागली होती.

लटारूनं आधी मला पुसलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. सरकत्या भागांच्या पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या, त्या आवळल्या. माझी निम्मी थरथर तिथंच गेली. टूल दगडावर घासलं, टोकाला किंचित गोलाई दिली, मग तेलाच्या बारीक दगडावर इतका वेळ फिरवलं की शेठ दोनदा घड्याळ पाहून गेला. मुखरू टूल वीतभर बाहेर काढून बांधायचा. लटारूनं आखूड बांधलं, टोक बरोबर दांड्याच्या मध्याच्या उंचीवर आणलं. नवा गज घेतला, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार दिला. मग वाकला आणि पट्टा सरकवून मला वेगात धरलं.

जाड काप काढून झाल्यावर शेवटचा काप त्यानं फार बारीक घेतला नाही. अगदी बारीक घेतला तर टूल कापत नाही, नुसतं घासतं. फीड मात्र मुंगीच्या चालीनं दिला, म्हणजे टूल तेवढ्या सावकाश पुढे सरकवलं. वारलू डब्यातून थेंबथेंब तेल सोडत होता. पोलादाचा किस न तुटता वेटोळी घेत खाली उतरत होता. आणि मी गप्प होतो. लोकांना ती मशीनची घरघर वाटली असेल. माझ्यासाठी ती शांतता होती.

दांडा निघाला तो फारसा चमकत नव्हता. मुखरूच्या दांड्यांपुढे फिकाच वाटला असता. वारलूनं नख ओढलं. काहीच वाजलं नाही. त्यानं पुन्हा ओढलं आणि दांडा सायकलला बांधायला घेतला.

पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं. बैठकीत त्यानं जुना आणि नवा, दोन्ही दांडे सतरंजीवर ठेवले आणि म्हणाला, "मले काढाचं असंल तर काढा. पर आधी दोन्हीवर नख फिरवून पाहा." एकेकानं फिरवलं. मग नवा दांडा पंपात बसवला. संध्याकाळी टाकी भरली. ती दोरी पावसाळा काढून दिवाळीपर्यंत टिकली. वारलूची नोकरी राहिली. त्याची माफी कोणी मागितली असेल असं समजू नका. बायनाबाईशी बाया पुन्हा बोलू लागल्या, तेही जणू मधे काही घडलंच नव्हतं अशा.

मुखरू परतला आणि पहिल्याच चहाला सांगू लागला की जाण्याआधी मशीन त्यानंच सेट करून ठेवली होती. शेठनं मान डोलावली. लटारू पुन्हा ड्रिलवर गेला. पट्टा पुन्हा मंद पुलीवर. शेवटी माझ्या म्हातारपणाची हाकाटी इतकी झाली की शेठनं नवी लेथ आणली, तिलाही हार, तिलाही नारळ. मला मागच्या अंगणात बोरीखाली फेकलं. दोन पावसाळे माझ्या बेडवर कोंबड्या बसल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी कधी स्वतःला मिस्त्री म्हणवलं नाही.

भंगारवाला यायच्या आत लटारूनं भंगाराच्या भावात मला उचललं. वारलूनं बैलबंडी आणली. आता मी लटारूच्या घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभा आहे. गंज खरवडला गेलाय, काही डाग जाणार नाहीत.

मागच्या आठवड्यात भर दुपारी मुखरू आला. धानगिरणीचा एक दांडा गोणपाटात गुंडाळून. नव्या मशीनवर फिनिश येत नाही, ती कंपनीच खराब निघाली, असं म्हणाला. लटारूनं दांडा पाहिला.

"ठेवा मिस्त्री. परवा नेजा."

बस, एवढंच. लटारूनं ते काम मन लावून केलं, मीही केलं. ठरल्या दिवशी मुखरू दांडा घेऊन गेला आणि ऐकतो की गिरणीवाल्याला त्यानं तो आपल्या हातचा म्हणून दिला. लटारू हसला आणि पुढचं काम चकात धरलं. त्याचं मन मोठं आहे. मी बिडाचा आहे, माझं नाही. मुखरूला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुमच्यापैकी कोणी माझ्यासारख्याच्या समोर उभं राहत असाल तर एक विनंती आहे. मला नावं ठेवायच्या आधी टूलला धार लावा. आणि शर्ट दुसरीकडे वाळत घाला.