तुळईवरचा कागद

नेरिसमावशींच्या चारशे वर्षांच्या घरात ओकच्या तुळईखाली भुसा पडत असे. कीड जिवंत निघाली, तर तुळई उतरवावी लागणार होती आणि मावशींना घर सोडावे लागणार होते. वसंतात लाकडातून बाहेर येणारा भुंगा कागद फोडतोच, म्हणून मार्चमध्ये मी तुळईतल्या प्रत्येक छिद्रावर पातळ कागद चिकटवला. जूनअखेर तपासले. सगळे कागद शाबूत होते.

“मग ग्विलिम, भुसा कुठून येतो रे?”

“कधी दिसतो?”

“गुरुवारी सकाळी. बुधवारी इथं चॅपलच्या गायकांची तालीम असते.”

“मावशी, फटींतला जुना भुसा आहे हा. खर्जाच्या सुरांनी झडतो.”

“म्हणजे कीड आमचा खर्जात गाणारा इड्रिसच! मेल्याला किती सांगितलं, हळू गा म्हणून!”

मावशींनी टेबल पुसले आणि त्याच तुळईखाली चहाचे कप मांडले.